बिनकामाची सफर

मुलासाठी साठवलेल्या पैशांतून आम्ही मोटारसायकल घेतली, असं आमच्याबद्दल मोहल्ल्यात बोललं जातं. ते खरं आहे. पतपेढीत आमच्या दोघांच्या नावावर एक ठेव होती. ती कशासाठी आहे हे घरात कुणी उच्चारत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं. २०१२ साली आमचा निकाह झाला. २०१६ पासून आम्ही उपचारांसाठी कोल्हापूरला जायला लागलो. तिथं उपचाराच्या एका फेरीला 'सायकल' म्हणतात. आमच्या तीन सायकली झाल्या. मधलं एक वर्ष कोरोनानं खाल्लं. चौथीचे पैसे जमत आले तेव्हा २०२३ चा डिसेंबर होता. एका रात्री जेवताना आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "तीन सायकली झाल्या, आता मोटारसायकल घेऊ." आम्ही हसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो. हसणं थांबलं, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

'कुणीतरी म्हणालं' असं मुद्दाम लिहितो आहोत. या सगळ्या वर्षांत लोकांनी आम्हाला एकेकटं गाठून विचारलं. बायकांनी स्वयंपाकघरात विचारलं, पुरुषांनी मशिदीबाहेरच्या बाकावर. दोष कुणात आहे? या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टांच्या फायलीत आहे. ते आम्ही कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. त्यामुळे हा मजकूर 'मी'नं लिहिणं आम्हाला जमणारं नाही. आम्ही दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवतो, दोघांचंही बी.एड. झालेलं आहे, आणि गाडी दोघांनाही चालवता येते. वाचकांना एवढी ओळख पुरे व्हावी.

आता आमच्या लोकांना प्रवास नवा आहे असं कुणी समजू नये. रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमानाच्या घरात शिरा आणि भिंतीवरचे फोटो बघा. कुणी कुवेतला, कुणी मस्कतला, कुणी दोह्याला. आमचे अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. रॉटरडॅम, योकोहामा, सांतोस ही नावं ते राजीवाडा-मिरकरवाड्यासारखी घेतात. पण तिथं काय पाहिलंत असं विचारलं, तर म्हणतात, "बंदर पाहिलं. बंदर सगळीकडे सारखंच." सगळं जग फिरलेला हा माणूस कुठंच 'फिरायला' गेलेला नाही. आखातातून कुणी आलं की आपण विचारतो, किती दिवसांची सुटी, पगार किती. वाटेत काय दिसलं, हे कुणी विचारत नाही. आमचा प्रत्येक प्रवास कामाचा. हज-उमरा सोडला तर बिनकामाचा प्रवास म्हणजे पैशाची आणि वेळेची नासाडी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोल्हापूरच्या आमच्या फेऱ्यासुद्धा कामाच्याच होत्या.

तर गाडी. रॉयल एनफील्डची नवी हिमालयन नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात बाजारात आली. आधीची हिमालयन ४११ सी.सी.ची, ही ४५२ची. पाण्यानं थंड होणारं या कंपनीचं हे पहिलं इंजिन. ताकद चाळीस घोड्यांची, टॉर्क ४० न्यूटन-मीटर, टाकी १७ लिटरची, आणि पेट्रोलसकट वजन १९६ किलो. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, "हिमालय इथं कुठं आलाय?" नववीच्या पोरांनी दुसरा प्रश्न विचारला, "आवाज किती आहे?" पोरांना आम्ही ४० न्यूटन-मीटर म्हणजे काय ते फळ्यावर समजावून सांगितलं. खालांना काय समजावणार?

असल्या गाडीला 'ॲडव्हेंचर' गाडी म्हणतात. ती घेणारे लोक घेतल्या घेतल्या तिच्यावर सामान चढवायला लागतात. दिवे, लोखंडी पिंजरे, ॲल्युमिनियमच्या पेट्या, मोठ्यानं बोंबलणारे सायलेन्सर. आम्ही आधी कायदा वाचला. शिक्षकाला सवयच असते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणी पुस्तकात लिहिलेला गाडीचा तपशील मालकाला मनानं बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा इंजिन, सायलेन्सर, चाकं यांना हात लावायचा नाही असं ठरलं. बसायची जागा, सामान बांधायची जागा आणि गंज, ही तीन कामं उरली. या तिन्हींचे उस्ताद रत्नागिरीतच भेटले, आणि त्यांतला एकही मोटारसायकलवाला नव्हता.

गंजाचे उस्ताद घरातच होते. गाडी आल्यावर अब्बांनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर बघतो तर ते फडक्यानं साखळी पुसत होते. म्हणाले, "समुद्राजवळ लोखंड ठेवलंस तर रोज त्याची खुशामत करावी लागते." चाळीस वर्षं जहाजांचा गंज खरवडून लाल रंग चढवलेला माणूस तो. रत्नागिरीच्या हवेत मीठ आहे. घाटमाथ्यावर पाच वर्षं टिकणारा बोल्ट इथं दोन पावसाळ्यांत लाल होतो. अब्बांनी कायदे घालून दिले. वाळूत गाडी न्यायची नाही. खारं वारं लागलेल्या दिवशी रात्री गोड्या पाण्यानं धुवायची, पण साबण नाही. साखळीला तेल गरम असताना द्यायचं. आणि दोन वेगळे धातू एकमेकांना थेट टेकवायचे नाहीत. मधे नायलॉनचा वायसर हवाच, नाहीतर खाऱ्या ओलीत एक धातू दुसऱ्याला खातो. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी. आधी जस्त खाल्लं जातं आणि पोलाद वाचतं. हा धडा आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आम्ही तो दरवर्षी शिकवतो, पण अब्बांना तो पाठ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

सामानाची चौकट मिरकरवाड्यात मच्छीमार ट्रॉलरची कामं करणाऱ्या वेल्डरकडून करून घेतली. बाजारात तयार मिळते ती लोखंडाला काळा रंग फासलेली. वेल्डर म्हणाला, "स्टेनलेस घ्या, पण ३०४ नको, ३१६ घ्या." ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या पाण्यानं त्याला बारीक खड्डे सहजी पडत नाहीत. बोटीच्या कठड्याला लावायचा पाइप वाकवून त्यानं ती चौकट तीन दिवसांत केली. पैसे घेतले बोटीच्या भावानं आणि वर म्हणाला, "ही गाडी बुडाली तरी चौकट राहील." पेट्यांचं ॲल्युमिनियम आम्हाला परवडणारं नव्हतं. पावसाळ्यात घरांना ताडपत्र्या शिवून देणाराकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला, हलकं वर. गुरुत्वमध्य जितका खाली तितकी गाडी वळणावर शहाणी. मागे दुसरं माणूस आणि सामान असलं की मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवायचा, नाहीतर गाडी नाक वर करते आणि पुढचं चाक हलकं पडतं.

चाकांत ट्यूब आहेत. २१ इंची ट्यूब गावाकडच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. म्हणून दोन्ही मापांच्या एकेक ट्यूब, टायर उचकायच्या पट्ट्या आणि हवेचा छोटा पंप कायम पिशवीत असतो.

राहिली बसायची जागा. आमच्यातल्या एकाची उंची पाच फूट एक इंच. मूळ सीट ८२५ मिलिमीटर, कंपनीची बुटकी सीट ८०५ची. ती घेतली, तरी दोन्ही पाय टेकेनात. मग एक पाय पूर्ण टेकवून गाडी तोलायची सवय केली, मारुती मंदिराच्या चढावर, भल्या पहाटे, बघे उठायच्या आत. मागच्या सीटचा फोम बदलायला रिक्षांच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं विचारलं, "मागे कोण बसणार?" आम्ही म्हटलं, दोघंही, आळीपाळीनं. त्यानं दोघांनाही बसवून माप घेतलं. कंबरेचा त्रास कुणाला, हेही विचारलं. त्रास होता. इंजेक्शनांच्या काळात एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून तो जडला होता. त्याला एवढंच सांगितलं की कंबर जपायची आहे. त्यानं मधला भाग मऊ केला आणि कडा कडक ठेवल्या.

टाकीवर काय लिहायचं यावर घरात चर्चा झाली. कुणी माशाअल्लाह म्हटलं, कुणी ७८६. आम्ही काही लिहिलं नाही. घरातून निघताना म्हणायची दुआ म्हणतोच, ती टाकीला कशाला सांगायची? पुढे सीट काढली तेव्हा खाली अब्बांनी चिकटवलेला इंचभर कागद दिसला. तो आम्ही तसाच ठेवला.

पहिली फेरी आंबा घाटाची. रत्नागिरी-कोल्हापूर हा रस्ता आम्हाला तोंडपाठ. साखरपा सोडलं की चढ लागतो आणि वर आंबा गाव येतं. सात वर्षांत पहाटेच्या एस.टी.नं आम्ही तो कितीदा चढलो याचा हिशेब नाही. पण बाहेर पाहिलेलं काय आठवतं? एक वळण आठवतं, जिथं दर वेळी पोटात ढवळायचं आणि प्लास्टिकची पिशवी काढावी लागायची. परत येताना त्याच वळणावर कुणी काही बोलत नसे. फेब्रुवारीच्या अखेरीस एका रविवारी आम्ही तिथं गाडी थांबवली. खाली दरीत पांगारा लाल झाला होता. कठड्यावर वानरांचं एक कुटुंब बसलं होतं, त्यांनी आमच्या ताडपत्रीच्या पिशव्या तपासल्या. आम्ही तासभर बसलो. दोन एस.टी. गेल्या, चढणाऱ्या. मग आंबा गावात चहा घेतला आणि मागे फिरलो. कोल्हापूरला गेलो नाही. कोल्हापूरचा रस्ता धरून कोल्हापूरला न जाता घरी येणं, हे आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. घरी विचारलं, "काय काम होतं?" आम्ही म्हटलं, "काही नाही."

मे महिन्यात उत्तरेला निघालो. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवून तवसाळला उतरलो, हेदवी-गुहागर करत धोपाव्याला, तिथून पुन्हा फेरीबोट आणि दाभोळ. बोटीत गाडी उभी करून कठड्याला टेकावं, वाशिष्ठीचं पाणी बघावं. आजचं दाभोळ शांत आहे. आदिलशाही काळातली मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, ती आणि किनाऱ्याची होड्यांची रांग. पण पंधराव्या शतकात हे बहमनी राज्याचं मोठं बंदर होतं आणि इथला मोठा माल होता घोडे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, तो होर्मुझला विकत घेतलेला एक घोडा घेऊन. त्याचे हाल वाचण्यासारखे आहेत. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणाला. शेवटी एका खुरासानी मुसलमानानंच मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. तो त्यानं बिदरमध्ये विकला आणि पुढे याच दाभोळहून बोट धरली. महमूद गावानही इथंच उतरला, १४५३ च्या सुमारास. इराणातल्या गिलानचा व्यापारी. इथून तो बिदरला गेला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. त्यानं बिदरला मोठा मदरसा बांधला, १४७२ मध्ये तो पुरा झाला. तारीख-ए-हिंद शिकवताना आम्ही हे नाव वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून आमच्यातलं एक जण म्हणालं, "इथून बिदर किती?" आमच्यातल्या दुसऱ्यानं मोबाइल काढला.

दिवाळीच्या सुटीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आम्ही बिदरला निघालो. रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा, सोलापूर, नळदुर्ग, हुमनाबाद. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मिऱ्या-नागपूर रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं. कुठं गुळगुळीत सिमेंट, कुठं खडी, कुठं जांभ्याची लाल धूळ. गाडीनं काहीच तक्रार केली नाही. कोल्हापुरात त्या चौकातून जावं लागलं. सिग्नल लाल होता. आम्ही दोघांनीही डावीकडे, त्या पाटीकडे पाहिलं नाही. सिग्नल सुटला.

पुढे वाटेत एका नाक्यावर आम्हाला बाजूला घेतलं. हवालदारानं लायसन मागितलं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पिशव्या उघडायला सांगितल्या. आमच्या पुढची गाडी न उघडता गेली होती. असो. पिशवीत ट्यूब, पंप, पाना, दोन चादरी आणि नववीच्या पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका निघाल्या. सुटीत तपासायच्या म्हणून बरोबर घेतलेल्या. त्यानं एक वर काढली. "हे काय लिहिलंय?" आम्ही वाचून दाखवलं. "गुरुत्वाकर्षणाची व्याख्या आहे. चुकवलीय पोरानं, अर्धाच गुण देणार." तो थोडा सैल झाला. त्याची मुलगीही नववीत होती. मग विचारलं, "कुठं निघालात?"

"बिदरला."

"काम काय?"

"काम काही नाही. मदरसा बघायचाय, पाचशे वर्षांपूर्वीचा."

या शब्दावर तो पुन्हा ताठ झाला. जुनी इमारत आहे, आता तिथं वर्ग भरत नाहीत, पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, असं सगळं सांगावं लागलं. नाव, पिशवी, उत्तरपत्रिका हे सगळं त्याला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की दोन माणसं काम नसताना एवढ्या लांब कशाला जातात. यात मात्र आम्ही त्याला दोष देत नाही. आमच्या खालांनाही ते पटलेलं नाही.

दुसरा प्रश्न सोलापूरच्या पुढे आला. हमरस्त्यावरच्या एका खानावळीत ज्वारीची भाकरी थापणाऱ्या मावशींनी गाडी बघितली, दोन हेल्मेटं बघितली आणि विचारलं, "पोरं कुठं ठेवली?" हा प्रश्न आम्हाला दर मुक्कामावर भेटतो. आधी आम्ही तो टाळायचो, आईकडे आहेत म्हणायचो. मावशींना म्हटलं, "पोरं नाहीत." त्यांचा हात तव्यावर क्षणभर थांबला. मग म्हणाल्या, "मग एवढं बोचकं कशाचं बांधलंय?" आणि शेंगदाण्याच्या चटणीचा अख्खा वाडगा आमच्यापुढे सरकवला. दया नाही, दुआ नाही, कुठल्या डॉक्टरचा पत्ता नाही. त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे.

नळदुर्गाचा पाणीमहाल पाहिला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर धरणाची भिंत घातली आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल बसवला. नोव्हेंबरात पाणी कमी होतं, पण भिंत पाहूनच माणूस गप्प होतो.

बिदरला संध्याकाळी पोचलो, मदरसा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. तीन मजले, मधे चौकोनी अंगण, चहूबाजूंनी खोल्या. दर्शनी बाजूचा एकच मिनार उभा आहे. निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून अंगावर धरून. दुसरी बाजू सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात गेली. आम्ही शिक्षकाच्या नजरेनं बघत होतो. खोलीत उजेड कुठून येतो, वारा कसा खेळतो, एका खोलीत पोरं किती मावतील. उजेड उत्तम आहे. आमच्या दोघांच्याही शाळांपेक्षा बरा. गावानला पोरंबाळं किती होती, हे आम्ही इतिहासात कधी शिकवलं नाही, कुणी आम्हाला विचारलंही नाही. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानानं त्याला मारलं, एवढं मात्र परीक्षेत येतं.

अंगणात कुठल्याशा कन्नड शाळेची सहल आली होती. पोरं बाहेर आमच्या गाडीभोवती जमली. एमएच-०८ म्हणजे कुठलं, यावर त्यांची पैज लागली होती. एकानं मुंबई म्हटलं, एकानं पुणे. आम्ही म्हटलं, "रत्नागिरी." "तिथं काय आहे?" आम्ही म्हटलं, "समुद्र." त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिला नव्हता. मग आळीपाळीनं एकेकाला सीटवर बसवलं. गाडी मधल्या स्टँडवर, दोन्ही बाजूंनी आम्ही धरून. चाळीसेक पोरं. त्यांच्या बाई घाईला आल्या. शेवटच्या मुलीनं हँडल सोडायला नकार दिला, तिला अलगद उचलून खाली ठेवावं लागलं. हातात तिचं वजन किती कमी वाटलं, ते आम्ही दोघांनीही नंतर एकमेकांना सांगितलं.

परतीत पाऊस लागला, अवकाळी. पिशव्यांच्या आत एक थेंब गेला नाही. उत्तरपत्रिका कोरड्या राहिल्या.

पतपेढीत थोडे पैसे अजून आहेत. चौथ्या सायकलीला ते पुरणार नाहीत. मूल दत्तक घ्यावं का, हा विचार घरात चालू आहे, त्याबद्दल आज लिहीत नाही. गाडीला आता पुढचं काम निघालं आहे. बिदरचे फोटो अब्बांनी दोनदा पाहिले, मग विचारलं, दाभोळचा धक्का अजून तिथंच आहे का. तरुणपणी ते गलबतावरून तिथं गेले होते, माल उतरवून रातोरात निघाले होते, गाव पाहिलं नव्हतं. वय त्र्याहत्तर, गुडघे दुखतात, आणि मागे पाठ टेकायला काही हवं. आम्ही पुन्हा मिरकरवाड्याच्या वेल्डरकडे गेलो. त्यानं विचारलं, "३१६च ना?" अब्बा स्वतः बरोबर आले होते. त्यांनी पाइप हातात घेतला, नखानं वाजवून पाहिला आणि म्हणाले, "वेल्ड आतूनही मार. आणि वायसर विसरू नको."